माठाची टिचकी, धरणाची थरथर आणि 'मोजकी मोजणी'



'ध्वनी' हा घटक शिकवताना मी वर्गात दोन माठ नेले. एक चांगला, एक चिरलेला. टिचकी मारल्यावर चांगला ठणठण वाजला, चिरलेला बद्द. मुलांना यात नवल वाटलं नाही, कारण बाजारात आजी माठ वाजवूनच घेते. पण एका मुलीने विचारलं, "बाई, धरणाला चीर गेली तर कसं कळतं? त्याला कोण टिचकी मारणार?" उत्तरासाठी मलाच अभ्यास करावा लागला. तो इथे मांडते.

कोयनेचा धडा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १०३ मीटर उंचीचं धरण टिकलं, पण भिंतीच्या वरच्या भागात भेगा पडल्या. पुढे आधार देऊन ती भिंत मजबूत करण्यात आली.

माठासारखीच धरणालाही स्वतःची थरथर असते. कोयनेच्या भिंतीची मुख्य वारंवारिता गणिताने सेकंदाला साधारण ३ वेळा, म्हणजे ३ हर्ट्झ येते. टिचकी मारायला माणूस लागत नाही; वारा, पाणी, यंत्रं यांनी भिंत सतत अगदी बारीक थरथरत असते. भेग पडली की भिंत कमकुवत होते आणि वारंवारिता उतरते. जलाशयातलं पाणी कमी-जास्त झालं तरी ती थोडी बदलते. म्हणून एकदा मोजून भागत नाही, सतत लक्ष ठेवावं लागतं.

अडचण कुठे आहे?

अशा मोठ्या बांधकामांवर अनेक सेन्सर बसवून त्यांचं जाळं करता येतं. समजा, एक सेन्सर तीन दिशांची थरथर सेकंदाला १०० वेळा मोजतो. दिवसाचे आकडे झाले २ कोटी ५९ लाख २० हजार! बिनतारी सेन्सर बॅटरीवर चालतो आणि आकडे पाठवण्यात बरीच बॅटरी खर्च होते.

मग आकडे कमी करू या की! पण नेहमीचा नियम असा, की थरथरीच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने मोजायला हवं. समान अंतराने कमी मोजलं तर वेगवान थरथर संथ भासते. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तशीच ही फसगत.

चिठ्ठ्या टाकून मोजायचं

२००६ च्या सुमारास एमॅन्युएल कँडेस, टेरेन्स टाओ, डेव्हिड डोनोहो या गणितज्ञांनी यावरचं गणित पक्कं केलं. याला कॉम्प्रेसिव्ह सॅम्पलिंग म्हणतात. आपण 'मोजकी मोजणी' म्हणू. समान अंतराने न मोजता, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वेड्यावाकड्या वेळी थोडेच आकडे घ्यायचे. त्या वेळांची यादी सेन्सर आणि मुख्य संगणक या दोघांकडेही असते. मग संगणक शोधतो, की या सगळ्या आकड्यांशी जुळणाऱ्या कमीत कमी वारंवारिता कोणत्या? वेळा अनियमित असल्यामुळे ती चाकाची फसगत टळते. सेन्सरचं काम हलकं होतं आणि अवघड गणित विजेवरच्या संगणकाकडे जातं.

वर्गात करून बघा

सारख्या वजनाच्या ८ रिकाम्या काडेपेट्यांवर १ ते ८ आकडे लिहा. एकीत गुपचूप नाणं ठेवा. वजनकाट्यावर फक्त तीनदा वजन करायचं:

- पहिल्यांदा १, २, ३, ४
- दुसऱ्यांदा १, २, ५, ६
- तिसऱ्यांदा १, ३, ५, ७

प्रत्येक वेळी वजन चार रिकाम्या पेट्यांपेक्षा 'जास्त' की 'तेवढंच', एवढंच लिहा. 'जास्त, तेवढंच, जास्त' आलं तर नाणं ३ नंबरात! तिन्ही वेळा 'तेवढंच' आलं तर ८ मध्ये. आठ पेट्या, पण मोजण्या तीनच.

आता पाच पेट्यांत नाणी ठेवा. युक्ती फसते! खरी अट इथेच कळते: शोधायच्या गोष्टी थोड्याच असतील तरच मोजकी मोजणी चालते. धरणाच्या रोजच्या थरथरीत ठळक वारंवारिता मोजक्याच असतात. भूकंपाच्या धक्क्यात मात्र असंख्य वारंवारिता मिसळलेल्या असतात. तेव्हा पूर्ण मोजणीच हवी.

हीच कल्पना एमआरआय तपासणीतही वापरतात. आकडे कमी लागतात, म्हणून लहान मुलांना यंत्रात कमी वेळ निश्चल पडून राहावं लागतं.

त्या मुलीला मी सांगितलं, "धरणाला वारा टिचकी मारतो, आपण फक्त नीट ऐकायचं." त्यावर ती म्हणाली, "आणि सारखं ऐकायची पण गरज नाही, व्हय बाई?"

तुमच्या वर्गात काडेपेट्यांचा प्रयोग जरूर करा. पालकांनी घरी केला तरी चालेल, सामान स्वयंपाकघरातच आहे!