हा आळस नव्हे, मेंदूची दुखापत आहे

कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे फ्रंटल लोब, कामाची आखणी, सुरुवात आणि संयम सांभाळतो. अपघातात तो दुखावला, तर चालणं-बोलणं पूर्ववत झाल्यावरही या क्षमता मागे राहू शकतात.

अडचण अशी दिसते
• काय करायचं ते नीट सांगता येतं, पण सुरुवात होत नाही.
• मध्येच फोन आला, की हातातलं काम राहून जातं.
• राग किंवा खर्च आवरत नाही; स्वतःतला बदल जाणवत नाही.

घरच्यांनी काय करावं
• एका वेळी एकच सूचना द्या.
• कामाचे टप्पे लिहून भिंतीवर लावा, मोबाइलवर गजर लावा.
• ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला घ्या.

सुधारणेचा वेग सहसा पहिल्या ६ महिन्यांत जास्त असतो. पुढेही ती अनेक वर्षं होऊ शकते. धीर सोडू नका.