पोराला हवा होता बाप, मिळाली टोळी



आज आम्ही तुम्हाला एका सिनेमाची गोष्ट सांगणार आहोत. सिनेमा आहे इंग्लंडचा, नाव ‘धिस इज इंग्लंड’, म्हणजे ‘हे असं आहे इंग्लंड’. शेन मेडोज या दिग्दर्शकाने तो २००६ साली काढला. परक्या मुलखातला सिनेमा आम्ही निवडला, कारण त्यातला प्रश्न पोरं वाढवणाऱ्या प्रत्येक बाईचा आहे. मिसरूड फुटायच्या आधीच पोराला ‘मर्द’ व्हायची घाई होते. तेव्हा मर्द म्हणजे काय, हे त्याला शिकवतं कोण?

गोष्ट १९८३ सालची. तेव्हा इंग्लंडमध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या. कारखाने बंद पडत होते आणि देशात बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९८२ च्या एप्रिल ते जून या काळात, फॉकलंड नावाच्या दूरच्या बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांची लढाई झाली. ब्रिटनचे २५५ सैनिक मेले, अर्जेंटिनाचे ६४९.

त्या २५५ घरांसारखंच एक घर या सिनेमात आहे. शॉन नावाचा बारा वर्षांचा पोरगा आणि त्याची आई सिंथिया, दोघंच. बाप लढाईत गेला. घरात आता त्याचा गणवेशातला फोटो आहे. शाळेत एक मुलगा बापावरून घाणेरडा विनोद करतो, शॉन त्याच्यावर धावून जातो, मारामारी होते. तो एकटाच घरी निघतो. वाटेत बोगद्यात त्याला मोठ्या पोरांची एक टोळी भेटते.

ही पोरं ‘स्किनहेड’. डोक्यावरचे केस अगदी कातडीलगत कापलेले, पायात जाड बूट, पँटला खांद्यावरून घेतलेले पट्टे. ही चाल १९६० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या कामगार वस्त्यांत सुरू झाली. जमैका बेटावरून आलेली काळी कुटुंबं तिथे शेजारी राहत होती. त्यांच्या पोरांकडून गोऱ्या पोरांनी गाणी घेतली, कपड्यांची ढब घेतली. म्हणजे मुळात ही दोस्तीतून आलेली गोष्ट. पुढे ‘नॅशनल फ्रंट’सारख्या पक्षांनी या पोरांमध्ये शिरकाव केला. तुमचं काम बाहेरून आलेल्यांनी पळवलं, असं ते सांगत. रिकाम्या हातांच्या काही पोरांना ते पटलं. म्हणून पुष्कळ लोक आजही स्किनहेड म्हटलं की वंशद्वेषी गुंडच समजतात.

सिनेमातल्या या टोळीचा म्होरक्या आहे वुडी. उतरलेल्या तोंडाचा पोरगा बघून तो त्याला थांबवतो आणि काय झालं ते विचारतो. दिवसभरात शॉनला तसं कोणी विचारलेलं नसतं. वुडी त्याला हसवतो, सोबत घेतो. टोळीत पोरीही आहेत, आणि मिल्की नावाचा जमैकन घरातला काळा पोरगाही आहे. ही काही फार गुणाची पोरं नव्हेत. ओसाड घरांत शिरून तोडफोड करणं हा त्यांचा खेळ. पण त्यांच्यात धाकट्याला सांभाळून घेतात.

एक दिवस शॉन डोकं भादरून घरी येतो. आई त्याचा हात धरून थेट त्या पोरांच्या बैठकीच्या हॉटेलात जाते. माझ्या लेकाचे केस मला न विचारता कोणी कापले, म्हणून सगळ्यांना जाब विचारते. जिने कापले ती पोरगी माफी मागते. मग आई काय करते? पोराला ओढून नेत नाही. तुम्ही त्याला जवळ केलंत, कपडे दिलेत, म्हणून त्यांचे आभार मानते आणि त्याला त्यांच्यात ठेवून जाते. मैत्रिणींनो, हा प्रसंग छोटा आहे, पण आम्हाला फार मोलाचा वाटला. कारण आता त्या पोरांना ठाऊक आहे की या मुलाच्या मागे विचारणारी आई आहे. आणि आईनेही त्यांचे चेहरे पाहिले आहेत.

मग तुरुंगातून कोंबो सुटून येतो. वुडीचा जुना दोस्त, वयाने मोठा, बोलण्यात पटाईत. सगळ्यांना बसवून तो देशावर भाषण देतो. बेकारीचं खापर परदेशातून आलेल्यांवर फोडतो आणि फॉकलंडची लढाई फुकट होती म्हणतो. हे ऐकून शॉन चवताळून त्याच्या अंगावर जातो. माझा बाप तिथे मेला, असं ओरडतो. कोंबो त्याला मारत नाही. त्याला दुखरी जागा सापडलेली असते. बापाचं मरण वाया जाऊ द्यायचं नसेल तर माझ्यासोबत उभा राहा, असं तो पोराला समजावतो. वुडी मिल्कीला आणि आणखी काही जणांना घेऊन निघतो. शॉनलाही चल म्हणतो. शॉन मागे राहतो.

जरा बघा, दोन्ही माणसांनी पोराची एकच जखम पाहिली. वुडीने तिच्यावर फुंकर घातली. कोंबोने तिचं हत्यार केलं. पोराला मात्र कोंबो जास्त मोठा माणूस वाटला, कारण त्याने त्याला लढवय्या म्हटलं, त्याच्या बापाचं नाव घेतलं. बारा वर्षांच्या पोराला आणखी काय हवं असतं?

पुढे तो कोंबोसोबत नॅशनल फ्रंटच्या सभेला जातो. संधू नावाच्या आपल्याकडच्या दुकानदाराच्या दुकानात ही मंडळी शिरतात, त्याला शिव्या घालतात, सुरा दाखवून धमकावतात, माल लुटतात. शिव्या देणाऱ्यांत शॉनही असतो. कालपर्यंत रडणारं पोर आज दुसऱ्याला घाबरवतं आणि त्यालाच मर्दपणा समजतं. या भागात आई आपल्याला फारशी दिसत नाही. हॉटेलातल्या पोरांना तिने पाहिलं होतं, कोंबोला कुठे पाहिलं होतं?

शेवटी कोंबो मिल्कीला घरी बोलावतो. आधी हसतखेळत गप्पा होतात. मिल्की सहज सांगतो, आमचं घर मोठं, नातेवाईक भरपूर, सगळे जमले की जेवणं होतात. ते ऐकता ऐकता कोंबोचा चेहरा बदलतो आणि तो मिल्कीला मरेस्तोवर मारतो. नंतर ढसाढसा रडतो. तिथे उमगतं की देशाबद्दलचं त्याचं सगळं बोलणं वरवरचं होतं. आत होती मायेची उपासमार. जे त्याला कधी मिळालं नाही, ते समोरच्या काळ्या पोराकडे होतं आणि ते त्याला सोसलं नाही. शॉन हे सगळं डोळ्यांनी पाहतो.

मिल्की वाचेल, असं आई त्याला सांगते. त्यानंतर शॉन कोंबोने दिलेला इंग्लंडचा झेंडा, पांढऱ्यावर तांबडा क्रूस असलेला, समुद्रात फेकतो. बापावरची माया त्याने टाकलेली नाही. त्या मायेच्या नावावर त्याच्या हाती दिलेला द्वेष तेवढा टाकला.

मेडोज स्वतः लहानपणी स्किनहेड पोरांत वावरलेला, म्हणून हे खरं वाटतं. शॉनचं काम करणाऱ्या थॉमस टर्गूजने आधी कधी अभिनय केला नव्हता. त्याची आई कर्करोगाने गेली, सिनेमा तिला पाहता आला नाही. तो तिलाच अर्पण केलेला आहे.

सिनेमात मारहाण आणि शिव्या खूप आहेत, म्हणून लहान पोरांसोबत बघू नका. पण गोष्टीवर गटात जरूर बोला. बाप गेल्यावर शॉनला रडायला कोणाचा खांदा होता? पोरगा रडला की आपण घरात काय म्हणतो? ‘मुलीसारखा रडतोस काय,’ असं म्हणतो का? आपला मुलगा ज्यांच्यात बसतो, त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? सिंथियासारखं जाऊन त्यांना विचारायचं आणि दोन शब्द गोडही बोलायचे, हे आपल्याला जमेल का? आणि मोठ्या पोरांत एखादा वुडी असेल, तर त्याला आपण कधी शाबासकी देतो का?

उत्तरं एका बैठकीत सापडणार नाहीत. पण बोलणं सुरू करा, आणि घरातल्या पुरुषांनाही त्यात बसवा.