आधी क्रम, मग शोध

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात नोकरीच्या मुलाखतीला येणाऱ्या नवख्या अभियंत्याला एक उत्तर बहुधा पाठ असते: लिनिअर सर्च संथ, बायनरी सर्च वेगवान. हे उत्तर अर्धेच खरे आहे. शोध किती महाग पडेल, हे अल्गोरिदमइतकेच माहितीच्या मांडणीवर आणि ती किती वेळा चाळायची यावर ठरते. पिंपरी-चिंचवडच्या ‘एमएच १४’ मालिकेतले १० लाख वाहन क्रमांक एका ॲरेमध्ये आहेत, असे धरू. लिनिअर सर्च पहिल्या घरापासून एकेक क्रमांक ताडत जातो. हवा तो सापडायला सरासरी ५ लाख तुलना लागतात आणि तो यादीत नसेल, तर पुरत्या १० लाख. बायनरी सर्च थेट मधले घर पाहतो. हवा असलेला क्रमांक त्याहून लहान असेल, तर पुढचा अर्धा भाग बाद. मोठा असेल, तर मागचा. दर फेरीत यादी निम्मी होत असल्याने २० तुलनांत निकाल लागतो.

मग लिनिअर सर्च मोडीत का काढू नये? कारण बायनरी सर्चला यादी क्रमाने लावलेली लागते. विस्कळीत यादीवर तो चालवला, तर प्रोग्राम कुरकुरतही नाही. यादीत असलेला क्रमांक ‘नाही’ म्हणून सांगून मोकळा होतो. १० लाख क्रमांक क्रमाने लावायला साधारण २ कोटी तुलना खर्ची पडतात. एकच गाडी शोधायची असेल, तर हा व्यवहार आतबट्ट्याचा. सरासरी चाळीसेक शोधांनंतर कुठे तो खर्च वसूल होतो.

यावर आक्षेप येतो, की यंत्रे इतकी वेगवान झाली आहेत, तयार फंक्शनेही मिळतात. मग हा हिशेब कशाला? एका शोधापुरता तो खरेच नको. पण १० लाख क्रमांकांपैकी प्रत्येक क्रमांक तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या यादीत शोधायचा झाला, की लिनिअर सर्चच्या तुलना ५० हजार कोटींवर जातात आणि बायनरीच्या २ कोटींत आटोपतात. तयार फंक्शनेही निर्दोष नसतात. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये दोन टोकांच्या बेरजेला दोनने भागून मध्य काढला जाई. अतिप्रचंड ॲरेमध्ये ती बेरीज पूर्णांकाची २,१४,७४,८३,६४७ ही कमाल मर्यादा ओलांडून ऋण होते, हे संगणक अभियंते जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. तोवर तो कोड वर्षानुवर्षे वापरात होता. म्हणून यादी क्रमाने आहे का आणि ती किती वेळा शोधायची आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत; अल्गोरिदम त्यानंतर निवडावा.