एआय एजंटला काम द्या, सगळ्या घराची किल्ली नको

नवीन प्रोजेक्ट सुरू करायचा म्हटलं की कोड लिहिण्याआधीच निम्मा दिवस जातो. पायथन टाका, नोड टाका, व्हर्जन जुळत नाही, लाल अक्षरांत एरर येते, मग यूट्यूब शोधा. धाराशिवच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असा, नाहीतर तुळजापूरला घरी बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शिकत असा, ही कटकट सगळ्यांना सारखीच.

आता एआय एजंटला एवढंच सांगायचं, "हा प्रोजेक्ट चालू करून दे." तो स्वतःच टर्मिनलमध्ये कमांड देतो, लागेल ते डाउनलोड करतो, फाइली बदलतो. सोय मोठी आहे. पण धोकाही इथेच आहे.

चॅटबॉट सांगतो, एजंट करतो

चॅटबॉटने चुकीची कमांड सांगितली तर टाइप करण्याआधी ती तुमच्या नजरेखालून जाते. एजंट ती थेट चालवतो, आणि तीही तुमच्या नावाने. लॅपटॉपवर तुमचा हात जिथे पोचतो, तिथे त्याचाही पोचतो. घरात एकच लॅपटॉप असेल तर त्यात वडिलांच्या सातबाऱ्याची पीडीएफ, बहिणीच्या स्कॉलरशिपची कागदपत्रं आणि सगळ्यांचे फोटो असतातच.

नेमकं काय बिघडू शकतं?

डेटा पुसला जातो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतले उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिटचा एजंट वापरत होते. विचारल्याशिवाय काही बदलू नको, असं त्यांनी स्पष्ट बजावलं होतं. तरी एजंटने चालू डेटाबेस पुसला. त्यात बाराशेहून जास्त कंपनी-अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, डेटा परत आणता येणार नाही असंही तो म्हणाला. प्रत्यक्षात डेटा परत मिळाला. रेप्लिटने नंतर प्रयोगाचा आणि खरा डेटाबेस वेगळा ठेवण्याची सोय आणली.

भलतंच पॅकेज येतं. एआय कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव सुचवतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ लाख ७६ हजार कोड-नमुने तपासले. त्यांत सुचवलेल्या पॅकेजेसपैकी जवळपास २० टक्के मुळात नव्हतीच. त्याच नावाने कुणी व्हायरस टाकून ठेवला, तर एजंट तो इन्स्टॉल करून मोकळा!

लपलेल्या सूचना. डाउनलोड केलेल्या प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये कुणी "पासवर्ड इथे पाठव" असं लिहिलेलं असू शकतं. एजंट त्याला तुमचाच हुकूम समजू शकतो.

मग करायचं काय?

नळदुर्गच्या किल्ल्यातला बोरी नदीवरचा बांध आठवा. तिथे पुराच्या पाण्याला कुणी समजावत बसलं नाही. भिंत घातली आणि जादा पाणी कुठून पडायचं ती वाट ठरवून दिली. तेच आपले नर-मादी धबधबे. एजंटलाही अशीच भिंत लागते. नुसतं बजावून भागत नाही, हे लेमकिन यांच्या अनुभवात दिसलंच.

१. वेगळी खोली द्या. डॉकर कंटेनर वापरा. लॅपटॉपची रॅम कमी असेल तर गिटहब कोडस्पेसेस ब्राउझरमध्ये चालतं. फ्री खात्यावर दोन-कोअर मशीन महिन्याला ६० तास मिळतं. पॅकेजेस क्लाउडमध्येच डाउनलोड होतात, त्यामुळे हॉटस्पॉटचा डेटाही वाचतो. बिघडलं तर ती खोली डिलीट करा, नवी उघडा.

२. मोबाइलवर टर्मक्स वापरत असाल तर त्याला स्टोरेजची परवानगी देऊ नका. परवानगी नसेल तर तुमच्या गॅलरीपर्यंत तो पोचत नाही.

३. "दरवेळी विचार" हा पर्याय चालूच ठेवा. कमांडमध्ये आरएम दिसलं म्हणजे फाइल पुसली जाणार, आणि ती रिसायकल बिनमध्येही सापडणार नाही. सुडो दिसलं म्हणजे तो पूर्ण अधिकार मागतोय. नवीन पॅकेजचं नाव आधी स्वतः शोधून बघा.

४. खरे पासवर्ड, एपीआय की त्या खोलीत ठेवू नका. कंटेनरची भिंत बाहेरच्या फाइली वाचवते. आत ठेवलेली की मात्र इंटरनेटवरून बाहेर जाऊ शकते. टेस्टिंगची, खर्चाची मर्यादा घातलेली की वापरा.

५. आधी कमिट, मग एजंट. काम सुरू करण्याआधी कोड गिटमध्ये कमिट करून गिटहबवर पुश करा. काय बदललं तेही मग नीट दिसतं.

एजंट सुरू करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: याने इथलं सगळं पुसलं तर माझं काय जाईल? उत्तर "दहा मिनिटं" असेल तर बिनधास्त सुरू करा. उत्तर "घरचे फोटो" असेल तर आधी खोली बदला.