मुलं किती, आणि कुठल्या मार्गानं?
(संस्कार आणि संसार : भाग 6)

लग्नाआधीच्या शिबिरात एक तास हमखास अवघडलेला जातो. हॉल, बॅण्ड, कपडे यांवर भरभरून बोलणारी मुलंमुली त्या तासाला वहीत मान घालून बसतात. विषय असतो गर्भनिरोधनाचा. तास संपतो आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या आमच्या घरांत एकच वाक्य उरतं : चर्चला कुटुंबनियोजन चालत नाही.

हे वाक्य चुकीचं आहे. आज तेवढंच नीट उलगडू.

मागच्या भागात आपण पाहिलं की, लग्नाचा संस्कार फादर देत नाहीत. नवरा-बायकोच तो एकमेकांना देतात, फादर चर्चचे साक्षीदार असतात. पुढचा सगळा विचार याच देण्यातून येतो. दोघांची जवळीक हे त्या देण्याचंच रूप, आणि तिला दोन अर्थ आहेत : एकमेकांशी एकरूप होणं आणि नव्या जिवाला वाट मोकळी ठेवणं. माणसानं मुद्दाम यातला एक अर्थ दुसऱ्यापासून तोडू नये, असं चर्च सांगतं. म्हणून गोळी, निरोध, तांबी, नसबंदी यांना नकार आहे. मुलं किती आणि किती अंतरानं, हे मात्र आपली तब्येत, कमाई, घरची परिस्थिती पाहून नवरा-बायकोनंच ठरवायचं. ‘देवान दिल्यान, देवच पोसतलो’ असं जुनी माणसं म्हणत. चर्चची शिकवण इतकी सोपी नाही. 2015 मध्ये मनिलाहून परतताना पोप फ्रान्सिस यांनीही स्पष्ट सांगितलं होतं की, चांगला कॅथलिक होण्यासाठी सशांसारखी पोरं जन्माला घालावी लागत नाहीत.

एकेकाळी हा नकार फक्त कॅथलिकांचा नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी 1925 मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. ते कॉलेज प्रॉटेस्टंट मिशनचं. 1930 च्या ऑगस्टमध्ये लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी पहिल्यांदा दार किलकिलं केलं. त्याच वर्षी 31 डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोनुबी’ हे पत्र काढून कॅथलिक चर्चचं दार बंदच राहील असं सांगितलं. गोळी आल्यावर प्रश्न पुन्हा उभा राहिला. 1963 मध्ये तेविसाव्या जॉन यांनी त्यावर आयोग नेमला. पुढे त्याच्या सदस्यांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हेही होते. 1966 मध्ये आयोगातल्या बहुमतानं बदलाच्या बाजूनं कौल दिला. सहाव्या पॉल यांनी तो मानला नाही. 25 जुलै 1968 च्या ‘ह्युमाने व्हिते’ या पत्रात त्यांनी जुनी शिकवण कायम ठेवली. आजाराच्या उपचारासाठी घ्यायच्या औषधानं गर्भधारणा थांबत असेल, तर त्याला मात्र त्याच पत्रात मुभा आहे. डॉक्टरांनी पाळीच्या त्रासावर गोळ्या दिल्या म्हणून कुमसाराला रडणाऱ्या बायकांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

मग चर्चला चालणारा नैसर्गिक मार्ग कोणता? स्त्रीबीज जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे महिन्यात गर्भ राहण्याचे दिवस साधारण सहा. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दाम्पत्याच्या पद्धतीत बाई आपल्या शरीरातला ओलावा रोज पाहून, नोंदवून ते दिवस ओळखते. मूल नको असेल तर त्या दिवसांत दोघांनी दूर राहायचं. मदर तेरेसांच्या सिस्टरांनी कोलकात्यात गरीब कुटुंबांना हेच शिकवलं.

कागदावर हे सरळ आहे. आमच्या किनाऱ्यावर घोव बोटीवर नाहीतर आखातात. कुणी वर्षानं दीड महिन्याच्या रजेवर येतो, कुणाला निवांतपणा मिळतो तो जून-जुलैच्या 61 दिवसांच्या मासेमारीबंदीत. इतक्या दिवसांनी घरी आलेल्या माणसाला ‘हे आठ दिवस नको’ म्हणायचं बळ बायकोला एकटीला कुठून येणार? बाळंतपणानंतर शरीराचं चक्र बिघडलेलं असतं, तेव्हा तर नोंदी वाचणंही अवघड. ही अडचण खरी आहे आणि शिबिरात ती कबूल करायला हवी.

तरी मला या शिकवणीतलं जे सर्वांत मोलाचं वाटतं, ते इथंच आहे. नवऱ्याच्या संयमाशिवाय ही पद्धत एक दिवसही चालत नाही. बाहेरचं चित्र काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्क्यांनी नसबंदीचा मार्ग घेतलेला. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा 0.3 टक्के. सिंधुदुर्गाची लोकसंख्या 2001 मध्ये 8,68,825 होती, 2011 मध्ये 8,49,651 झाली. मुलं कमी असावीत हे पटवायला इथं आता कुणाची गरज नाही. भार कुणाच्या शरीरावर टाकायचा, एवढाच प्रश्न राहिलाय, आणि उत्तर दर वेळी बाळंतिणीच्या खाटेवर, तिच्या एकटीच्या सहीनं दिलं जातं. आमची कॅथलिक घरंही याला अपवाद नाहीत.

तेव्हा लग्न ठरलेल्या मुलांना माझी विनंती आहे. त्या अवघडलेल्या तासाला मान वर करा आणि प्रश्न तुम्ही विचारा. नैसर्गिक पद्धत शिकायची असेल, तर बायकोला एकटीला पाठवू नका. तिच्या शेजारी बसा, आणि ती नोंदींची वही रोज तुम्हीही वाचा.