कळ किती, यापेक्षा सोबत काय

सकाळी 8. मे महिना, मराठवाड्यातलं ग्रामीण रुग्णालय. उन्हात घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट होते. या दिवसांत मुतखड्याचे रुग्ण वाढतात.

8.30. तिशीतला शेतकरी. उजव्या कुशीतून जांघेत उतरणारी कळ, ओकाऱ्या. खाटेवर नुसता तळमळतोय. ताप नाही, लघवी होतेय. मूत्रपिंडाचा जुना विकार नाही हे विचारून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी लिहिली. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेकदा आपोआप पडतो.

10.30. मधुमेह असलेल्या काकू. कळ कालच्यापेक्षा कमी, म्हणून घरचे निर्धास्त होते. पण आता हुडहुडी भरलीय, ताप आहे.

"दोन दिवस कुळथाचं कढण देतोय, डॉक्टर," मुलगा म्हणाला.

खड्यामागे तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात पसरतात आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. कढणानं ही वाट मोकळी होत नाही. सलाइन, अँटिबायोटिक सुरू केलं आणि 108 बोलावली. जिल्ह्याला नळी घालून लघवी मोकळी करतील.

दुपारी 1. चौदा वर्षांचा मुलगा, अचानक ओटीपोटात दुखतंय. आईला बाहेर बसवल्यावर खरी जागा सांगितली. वृषणाला पीळ पडल्याची शंका, म्हणून थेट सर्जनकडे. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त.

4. तरुण सून, एका बाजूला दुखणं, चक्कर. "पाळी कधी आली होती, ताई?" चुकलेली. गर्भनलिकेत गर्भ राहिला असेल तर आत रक्तस्राव होतो. लघवीची गर्भचाचणी सर्वांत आधी.

7. एक गृहस्थ अगदी निपचित पडलेले, हललं की दुखतं, पोट फळीसारखं कडक. मुतखड्याचा माणूस असा पडून राहू शकत नाही. आतडं किंवा जठर फुटलं असण्याची भीती. त्यांनाही तातडीनं पुढे पाठवलं.

रात्री 8. ड्युटी सोपवताना सिस्टरना आणि बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना तेच सांगते: दुखणं किती आहे एवढंच पाहू नका. ताप-थंडी, लघवी बंद होणं, पाणीही न टिकणं, भोवळ, कडक पोट, गरोदरपण, एकच मूत्रपिंड किंवा साठीनंतर पहिल्यांदाच उठलेली कळ, यांतलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका. गोळीनं न थांबणाऱ्या कळेसाठीही रात्रीच या. कॅज्युअल्टी त्यासाठीच उघडी असते.