गिअरबॉक्स बदलायचा म्हणजे नेमकं काय बदलायचं?

आजचा विषय तसा कोरडा आहे, पण ज्यांच्या हातात गॅरेजवाल्याने अंदाजपत्रक ठेवलंय त्यांना तो कोरडा वाटणार नाही. "साहेब, गिअरबॉक्स गेला, बदलावा लागते." हे एक वाक्य ऐकलं की घरचं महिन्याचं, कधी कधी वर्षाचं गणित विस्कटतं. आज आपण एवढंच बघणार आहोत की या वाक्यात किती वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि बिलाचा आकडा कुठून येतो.

पहिली गोष्ट. "गिअरबॉक्स गेला" याचे निदान चार अर्थ होतात. एक, गिअरबॉक्सला काहीच झालेलं नाही, क्लच संपलाय. दोन, आतला एखादा भाग गेलाय: बेअरिंग, सिंक्रो रिंग, ऑईल सील. तीन, गिअरबॉक्स चांगला आहे पण तो चालवणारी यंत्रणा, म्हणजे सेन्सर, ॲक्चुएटर, इलेक्ट्रॉनिक्स, बिघडलीय. आणि चार, खरोखरच आतून चुरा झालाय. पहिल्या आणि चौथ्या अर्थात काही हजार आणि काही लाख एवढा फरक पडू शकतो. म्हणून गाडी सोडायच्या आधी विचारायचा प्रश्न "किती लागतील?" हा नाही. "काय गेलंय, आणि ते तुम्ही कशावरून म्हणता?" हा आहे.

साध्या, हाताने गिअर टाकायच्या गाडीपासून सुरू करू. इंजिन जोरात फिरतंय, गाडी मात्र ओढत नाही, वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना जळका वास येतो, हे क्लच प्लेट झिजल्याचं लक्षण. सगळे गिअर पडतात पण एकच गिअर सारखा निसटतो किंवा पडताना खरखरतो, तर दोष आत आहे. न्यूट्रलमध्ये घूं घूं आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर थांबतो, तर बहुतेक इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. एवढं तर कोणीही घरी तपासू शकतो, त्याला फीत लागत नाही की मीटर लागत नाही.

आता मजुरीचं बघा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्याकडच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांत, गिअरबॉक्स इंजिनाला आडवा चिकटलेला असतो. तो उतरवायला बॅटरी काढा, तिचा ट्रे काढा, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढा, इंजिनाला वरून आधार द्या, कित्येक गाड्यांत खालची चौकट सैल करा. एका चांगल्या मिस्त्रीचा जवळपास पूर्ण दिवस. आणि हा दिवस बेअरिंगसाठीही तेवढाच लागतो आणि पूर्ण गिअरबॉक्ससाठीही तेवढाच. त्यामुळे एकदा उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सील बदलून घ्या असं मिस्त्री सांगतो, तेव्हा तो दरवेळी फसवत नसतो. अर्धी झिजलेली प्लेट तशीच ठेवून गिअरबॉक्स परत चढवला, तर वर्षभराने तीच मजुरी पुन्हा भरावी लागते.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटर आतला एक भाग का बदलत नाही, सगळा डबाच बदला असं का म्हणतं? इथे लोकांचा राग समजण्यासारखा आहे, पण कारणही समजून घेतलं पाहिजे. गिअरबॉक्स बनवणं हे फार काटेकोर काम आहे. आपल्या शेजारीच, भंडाऱ्याजवळ गडेगावला, अशोक लेलँडचा कारखाना आहे. ट्रक आणि बसचे गिअरबॉक्स तिथे बनतात. दात कापणं, ते उष्णता देऊन कठीण करणं, मग घासून मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत माप जुळवणं, असं हे काम चालतं. असा डबा खोलून परत बसवायचा तर शिम, म्हणजे पातळ चकत्या, बरोबर जाडीच्या निवडाव्या लागतात. धूळ चालत नाही. खास अवजारं लागतात. एवढं कसब प्रत्येक शहरातल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये ठेवण्यापेक्षा तयार डबा मागवणं कंपनीला सोपं पडतं, आणि त्यावर वॉरंटी देता येते. सोय त्यांची, पैसे आपले. म्हणून वॉरंटी संपलेली असेल तर फक्त गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या मिस्त्रीचं मत घ्यायलाच हवं. मॅन्युअल गिअरबॉक्स खोलून दुरुस्त होतो, आणि नीट केला तर वर्षानुवर्षं चालतो.

ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी आहे, आणि खर्चाची खरी धास्ती तिथेच आहे. "ऑटोमॅटिक" हा एकच शब्द आपण चार निराळ्या यंत्रांसाठी वापरतो.

त्यातलं स्वस्त यंत्र म्हणजे एएमटी. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये ते आणलं आणि मध्यमवर्गाला बिनाक्लचची गाडी परवडायला लागली. हा नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी, हाताऐवजी ॲक्चुएटर करतो. म्हणजे "गिअरबॉक्स गेला" असं कोणी म्हटलं तर आधी ॲक्चुएटर आणि क्लच बघा. डबा बहुधा ठणठणीत असतो.

दुसरं टॉर्क कन्व्हर्टरवालं. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये घासणारी प्लेट नाही, तेल आहे. ही कल्पना जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांची, १९०५ सालची. दणकट यंत्र, पण तेलावर जगणारं. तिसरं सीव्हीटी: दोन पुली आणि मध्ये पोलादी पट्टा, गिअर असे नाहीतच. पट्ट्याने पुलीला एकदा ओरखडे पाडले की दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही. आणि चौथं ड्युअल क्लच. विषम गिअरना एक क्लच, सम गिअरना दुसरा. चालवायला मजा येते, गर्दीत मात्र या यंत्राचा जीव जातो, विशेषतः कोरड्या क्लचच्या प्रकारात.

या चौथ्या प्रकारावर जगभर भांडणं झाली आहेत. मार्च २०१३ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने फोक्सवॅगनच्या डीएसजी गिअरबॉक्सबद्दलच्या तक्रारी दाखवल्या आणि काही दिवसांत कंपनीने तिथल्या ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांत सात गिअरच्या डब्यातलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरायचं कंपनीने ठरवलं. उष्ण आणि दमट हवेत त्या तेलामुळे विद्युत बिघाड होऊ शकत होता. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सबद्दल लोक तक्रार करत होते, गाडी थरथरते, मध्येच ओढत नाही. त्यांना सांगितलं जायचं की तुमची चालवण्याची पद्धत चुकतेय. २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने तक्रारी अशा हाताळल्याबद्दल फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. हे इथे सांगायचं कारण असं की "तुमची चालवायची सवय" हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. कधी ते खरं असतं. पण ते सिद्ध करायचं काम सांगणाऱ्याचं आहे.

आता नागपूरकडे येऊ. मे २०१३ मध्ये इथलं तापमान ४७ अंशांच्या वर गेलं होतं. त्या उन्हात सीताबर्डीच्या गर्दीत मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल किती तापत असेल? ढोबळ नियम असा की तेलाचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. पुष्कळ कंपन्या हे तेल "आयुष्यभरासाठी" भरलंय म्हणतात. पण झेडएफ, जी स्वतः असे गिअरबॉक्स बनवते, ती आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरमध्ये किंवा आठ वर्षांत बदला असं सांगते. आमचं मत विचाराल तर आम्ही बनवणाऱ्याचं ऐकू, विकणाऱ्याचं नाही. तेल मात्र पुस्तिकेत लिहिलेलंच टाकायचं. सीव्हीटीत दुसरं तेल टाकलं की पट्टा घसरायला लागतो.

आणि पाणी. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथे बसलेल्या कोणाला सांगायला नको. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआऊट, सगळीकडे गाड्या बुडाल्या. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. पाणी तिच्यातून आत जातं. डिपस्टिक किंवा ड्रेनमधून दुधाळ, चहासारखं तेल निघालं तर समजा पाणी शिरलंय. मॅन्युअलमध्ये लगेच दोन-तीनदा तेल काढून नवं भरलं तर बहुधा निभावतं. ऑटोमॅटिकमध्ये निभावणं कठीण, कारण आतल्या क्लचच्या चकत्यांवर कागदासारखं अस्तर डिंकाने चिकटवलेलं असतं. ते पाणी पितं आणि सुटतं. गाडी आठ दिवस बरी चालते, मग घसरायला लागते. अशी गाडी धुऊन-पुसून विकली गेली तर घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून जुनी ऑटोमॅटिक घेताना तेलाचा रंग बघा आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या टोकाला गाळ आहे का तेही बघा.

विमा किती देतो? हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. सहा वर्षं जुनी, १२०० सीसीची ऑटोमॅटिक गाडी पुरात सापडली. गिअरबॉक्स २ लाख, मजुरी २० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी: एकूण २,५९,६०० रुपये. साधी सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात. करासह गिअरबॉक्सचे २,३६,००० होतात, त्यातले ९४,४०० गेले. मजुरी पूर्ण मिळते. वर १,००० रुपये सक्तीची वजावट. हातात १,६४,२००, खिशातून ९५,४००. झिरो डेप्रिसिएशनची जोड असेल तर ते ९४,४०० वाचतात. फक्त थर्ड पार्टी असेल तर शून्य.

इथे एक मोठी मेख आहे. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर तो पुराचा थेट फटका. पण पाणी ओसरल्यावर तुम्ही गाडी सुरू केली, चालवली आणि मग आतले भाग गेले, तर विमा कंपनी म्हणते हे परिणामी नुकसान आहे, साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. म्हणजे किल्ली फिरवायचा तो एक क्षण लाख-दीड लाखाचा ठरू शकतो. आणि नुसत्या झिजेने, वयाने गेलेला गिअरबॉक्स कुठल्याच साध्या विम्यात येत नाही. दुसरं, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. आयडीव्ही ४ लाख असेल तर ही रेषा ३ लाखांवर. आपलं बिल रेषेच्या आत आहे, पण गालिचे, वायरिंग, कंट्रोल युनिट मोजले तर ओलांडू शकतं. तेव्हा सर्व्हेअर यायच्या आधी सगळ्या नुकसानीची यादी आणि फोटो तयार ठेवा.

कराबद्दल थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी गिअरबॉक्सवर २८ टक्के जीएसटी होता, आता १८ आहे. वरच्या उदाहरणात वीस हजारांचा फरक. जुनं अंदाजपत्रक पडून असेल तर नवं मागा.

भंगारातल्या गाडीचा काढलेला गिअरबॉक्स? मॅन्युअलसाठी आमची हरकत नाही, नंबर आणि गिअरचं प्रमाण जुळत असेल आणि विकणारा पक्कं बिल देत असेल तर. ऑटोमॅटिकसाठी आम्ही सल्ला देणार नाही. आतली स्थिती बाहेरून दिसत नाही आणि कंट्रोल युनिट जुळवण्याची कटकट वेगळी.

वॉरंटीत असताना वाद झाला तर अपेक्षा योग्य ठेवा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात म्हटलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही. भाग मात्र मागता येतो, हक्काने. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. काढलेला जुना डबा भंगारात जाऊ देऊ नका. दोष तपासायची वेळ आली तर पुरावा तोच आहे.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवलीय: "ऑटोमॅटिक बंद पडली तर दोरीने ओढून न्यावी का?" नाही. इंजिन बंद असताना आतला तेलाचा पंप फिरत नाही, आणि चाकं जमिनीवर फिरली तर बहुतेक ऑटोमॅटिकचे आतले भाग कोरडेच फिरतात. चांगला गिअरबॉक्स दहा किलोमीटरमध्ये खराब करता येतो. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच बोलवा. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर निदान पुढची दोन चाकं तरी उचलून न्या.